तळहातावरची कॉर्व्हेट



वसंतातल्या व्याख्यानांना इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय शोभतात, असा आपला एक समज आहे. त्या पंक्तीला लहान मोटारींचा विषय आणून बसवणे काहींना धार्ष्ट्याचे वाटेल. परंतु ज्या वस्तूसाठी जगात हजारो प्रौढ, संसारी आणि एरवी शहाणी समजली जाणारी माणसे वेळ व पैसा खर्च करतात, ती वस्तू पोरकट म्हणून दूर सारण्यापूर्वी तिच्यात आहे तरी काय, हे एकदा पाहून घेणे बरे.

विषय फार पसरू नये म्हणून आज एकच मोटार घेऊ: अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीची ‘कॉर्व्हेट’. दोन माणसांनी बसावे, वेगाने जावे आणि लोकांनी वळून पाहावे, एवढ्याचसाठी केलेली ही गाडी. तिच्या धातूत ओतलेल्या हुबेहूब लहान प्रतिकृती जमवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्या छंदाविषयी मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे: प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूविषयी केलेले एक विधान असते. ‘अमुक साली ही गाडी अशी होती’, असे ती आपल्याला सांगते. विधान खरे असू शकते, तसे खोटेही असू शकते. ते पारखण्याची ज्याला हौस आहे तो संग्राहक. बाकीच्यांना आपण गिऱ्हाईक म्हणू.

तेव्हा प्रथम मूळ गाडीची ओळख करून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या रस्त्यांवर इंग्लंडच्या एम.जी. आणि जॅग्वार या चपळ गाड्या दिसू लागल्या. अमेरिकन कारखाने तेव्हा प्रशस्त, जड, कुटुंबवत्सल मोटारी काढीत. आपल्याकडेही अशी एक चपळ गाडी असावी, हा ध्यास जनरल मोटर्सच्या आकार-रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी घेतला. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात भरलेल्या ‘मोटोरामा’ प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली, आणि ३० जून १९५३ रोजी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे पहिली गाडी तयार होऊन बाहेर पडली. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या झाल्या. सगळ्यांचा रंग पांढरा, आतली बैठक तांबडी आणि वरचे कापडी छत काळे. ‘कॉर्व्हेट’ हे नाव एका लहान, चपळ युद्धनौकेचे आहे.

या गाडीची सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे तिचे अंग लोखंडी पत्र्याचे नव्हते. काचेचे बारीक तंतू राळेत बसवून केलेल्या ‘फायबर-ग्लास’ या पदार्थाचे ते होते. याचे कारण व्यवहाराचे होते. पत्रा दाबून आकार देणारे पोलादी साचे फार महाग पडतात आणि तयार व्हायला वेळ घेतात. गाड्या थोड्या काढायच्या असतील तर तो खर्च परवडत नाही. काचतंतूचे काम त्या मानाने साध्या साच्यांवर होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिची आपल्याला गरज लागणार आहे.

रूप देखणे असले तरी पहिली कॉर्व्हेट पळण्यात तशी मंदच होती. सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याला दोन गतींचा आपोआप चालणारा गिअर-बॉक्स. यामुळे खऱ्या शौकिनांची निराशा झाली. १९५४ साली ३,६४० गाड्या निघाल्या, पण त्यांतल्या बऱ्याच विक्रीविना पडून राहिल्या, आणि १९५५ साली उत्पादन ७०० वर घसरले. गाडी बंद पडण्याची वेळ आली होती. ती वाचवण्यात मोठा वाटा झोरा आर्कस-डन्टॉव्ह या अभियंत्याचा. ब्रसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा गृहस्थ मोटोरामातली गाडी पाहून मोहित झाला आणि १९५३ सालीच जनरल मोटर्सच्या नोकरीत शिरला. १९५५ साली आठ सिलिंडरचे इंजिन आले, १९५६ साली नवे अंग आले, १९५७ साली पेट्रोल फवारून इंजिनात सोडण्याची सोय आली. गाडीला आता रूपाबरोबर गुणही लाभले.

१९६३ साली आलेली ‘स्टिंग रे’ ही संग्राहकांची सर्वांत लाडकी. बिल मिचेल यांच्या देखरेखीखाली तिचा आकार सिद्ध झाला. पुढचे दिवे फिरून आत दडतात, आणि बंद छताच्या गाडीच्या पाठीवरून एक कणा निघून मागल्या काचेचे दोन भाग करीत खाली उतरतो. या कण्यावरून मिचेल आणि डन्टॉव्ह यांच्यात चांगलीच जुंपली. डन्टॉव्हचे म्हणणे, त्यामुळे मागचे नीट दिसत नाही. मिचेलचे म्हणणे, तो काढला तर गाडीत राहिले काय? पहिल्या वर्षी मिचेल जिंकला आणि दुभंगलेल्या काचेच्या १०,५९४ गाड्या निघाल्या. १९६४ साली डन्टॉव्ह जिंकला; कणा गेला आणि काच एकसंध झाली. मौज अशी की, जुन्या गाडीच्या काही मालकांनी त्या काळी आपली दुभंगलेली काच काढून नव्या पद्धतीची एकसंध काच बसवून घेतली. आज याच दुभंगलेल्या काचेला सोन्याचे मोल आहे. म्हणजे मूळ गाड्यादेखील आपल्या मूळ रूपाशी नेहमी प्रामाणिक राहत नाहीत. प्रतिकृतीचे महत्त्व येथून सुरू होते.

आता प्रतिकृतीकडे वळू. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात. त्यात सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, पहारेकरी मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, आणि पायथ्याच्या विहिरीवर पाणी भरणारी बाई बालेकिल्ल्याएवढी असते. त्यात काही बिघडत नाही, कारण तो किल्ला भक्तीच्या मापाने बांधलेला असतो. ज्याचे महत्त्व अधिक, तो मोठा. प्रतिकृतीचा नियम याच्या उलट आहे. तेथे सर्वांना एकच माप. मूळ गाडीचा अठरावा भाग म्हटला की चाक, दिवा, आरसा, दाराची फट, सगळे अठरावा भागच.

संग्राहकांत मुख्यतः चार प्रमाणे चालतात: १:१८, १:२४, १:४३ आणि १:६४. १९६३ ची कॉर्व्हेट सुमारे ४४५ सेंटिमीटर लांब आहे. म्हणून पहिल्या प्रमाणात ती सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात साडेअठरा, तिसऱ्यात दहाच्या किंचित वर आणि चौथ्यात सात सेंटिमीटर भरते. यांतला ४३ हा विचित्र आकडा कोठून आला, असे कोणी विचारील. तो आगगाडीतून आला. इंग्लंडात खेळण्यातल्या आगगाड्यांचे एक माप फुटाला सात मिलिमीटर असे होते. म्हणजेच सुमारे १:४३. त्या स्टेशनांवर उभ्या करायला मोटारी हव्यात म्हणून त्याच मापाच्या मोटारी निघाल्या. पुढे आगगाड्या मागे पडल्या आणि त्यांच्या सोबतीला आलेल्या मोटारींनी घर बळकावले.

पण एकाच मापाचा हा नियम पाळणे वाटते तितके सोपे नाही. लांबी अठरापट कमी झाली की घनफळ १८ × १८ × १८, म्हणजे ५,८३२ पट कमी होते. मूळ गाडीचे वजन सुमारे १,४०० किलो धरले तर प्रतिकृती २४० ग्रॅमची व्हायला हवी. प्रत्यक्षात ती हातात घेतली तर कितीतरी जड लागते. का? मूळ गाडीचे काचतंतूचे कवच दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे आहे. त्याचा अठरावा भाग म्हणजे जाडसर कागदाएवढा. इतक्या पातळ भिंती धातूत ओतता येत नाहीत. म्हणून कवच नाइलाजाने जाड ठेवावे लागते. दार आणि अंग यांतली साडेचार मिलिमीटरची फट प्रतिकृतीत पाव मिलिमीटरची होते, आणि रंगाचा हात थोडा जाड पडला की ती बुजून जाते. चमकी असलेल्या रंगातले कण मूळ गाडीवर डोळ्याला जाणवत नाहीत. तेच कण लहान गाडीवर लावले तर अभ्रकाचे तुकडे चिकटवल्यासारखे दिसतात. म्हणून चांगला कारागीर चमकी अधिक बारीक दळून घेतो, फट किंचित रुंद ठेवतो, आणि एखादी कड मापापेक्षा थोडी धारदार करतो. सारांश, डोळ्याला खरे वाटावे म्हणून त्याला पट्टीशी थोडी लबाडी करावी लागते. ती कोठे आणि किती करावी, यातच त्याचे कौशल्य आहे.

ही प्रतिकृती बनते कशी? तिचे इंग्रजी नाव ‘डाय-कास्ट’, म्हणजे पोलादी साच्यात दाबून ओतलेली. ओतण्याचा धातू असतो ‘झामॅक’. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली हा मिश्रधातू सिद्ध केला. त्यात मुख्य भाग जस्ताचा. ॲल्युमिनियम सुमारे चार टक्के. तो चारशे अंशांच्या आत वितळतो, म्हणून पोलादी साच्याला त्याचा त्रास होत नाही आणि एकाच साच्यातून हजारो नग निघतात. वितळलेला रस जोराने साच्यात दाबला जातो आणि क्षणात गोठतो. बाहेर पडलेल्या नगाच्या कडेला रसाचे पापुद्रे चिकटलेले असतात. ते तोडायचे, घासायचे, धुवायचे, अस्तराचा हात द्यायचा आणि मग रंग. बारीक अक्षरे, बोधचिन्हे, घड्याळांच्या तबकड्या या रबरासारख्या मऊ गादीने छापतात. कोरीव पट्टीवरची शाई गादी उचलते आणि वाकड्या पृष्ठभागावर अलगद ठेवते. चकचकीत बंपर बहुधा प्लॅस्टिकचे असतात, त्यांवर धातूची वाफ बसवलेली असते. शेवटी हे सगळे सुटे भाग माणसाच्या हातांनी जोडले जातात. यंत्रयुगाच्या या लाडक्या वस्तूत शेवटचा शब्द अजून चिमट्याचाच आहे.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. मूळ कॉर्व्हेटला धातूचे साचे परवडेनात, म्हणून तिचे अंग काचतंतूचे झाले. तिच्या प्रतिकृती मात्र हजारोंनी खपतात, म्हणून तिला धातूचे साचे परवडतात. परिणाम असा की, खरी गाडी राळेची आणि खेळण्यातली गाडी धातूची! नक्कल अस्सलापेक्षा भक्कम, असा हा प्रकार आहे.

साचा हेच या धंद्याचे खरे भांडवल. धंद्याचा इतिहास पाहिला तर माणसे जातात, कंपन्या बुडतात, साचे मात्र हिंडत राहतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली ‘डिंकी टॉइज’ हे नाव रूढ केले. तिचा तेथला कारखाना १९७९ साली बंद झाला. त्यापूर्वीच डिंकीचे काही साचे भारतात येऊन कलकत्त्यात ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या होत्या. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ साली आगपेटीएवढ्या डब्यातल्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या आणल्या. शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुलीला परवानगी होती, म्हणून जॅक ओडेल यांनी तिच्यासाठी इवलासा रोड-रोलर केला, अशी तिची जन्मकथा सांगतात. तीही कंपनी १९८२ साली दिवाळखोरीत गेली आणि तिचे साचे पूर्वेकडे गेले. १९५६ साली आलेल्या ‘कॉर्गी’ने गाड्यांच्या खिडक्यांना पारदर्शक काचा बसवल्या, पुढे तिने काढलेल्या स्टिंग रेचे दिवे मूळ गाडीप्रमाणे उघडत. १९६८ साली अमेरिकेतील मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’च्या पहिल्या सोळा गाड्या बाजारात आणल्या, त्यांत एक कॉर्व्हेट होती. ही सगळी मुलांची खेळणी. ‘फ्रँकलिन मिंट’सारख्या संस्थांनी १९८० नंतर १:२४ मापाच्या बारीक कामाच्या गाड्या टपालाने थेट मोठ्या माणसांना विकायला सुरुवात केली, तेव्हा खेळणे जमिनीवरून उठून काचेच्या कपाटात गेले. त्यानंतर चीनमधील कारखान्यांत १:१८ मापाच्या, दारे-बॉनेट उघडणाऱ्या आणि इंजिनातल्या तारा-नळ्यांसह दाखवणाऱ्या प्रतिकृती होऊ लागल्या.

आता पारखीचा भाग. या छंदाचा गाभा हाच. समजा, दुकानदाराने तुमच्यापुढे लालभडक रंगाची प्रतिकृती ठेवली आणि खाली लिहिले आहे ‘कॉर्व्हेट १९५३’. संग्राहक हसून ती परत करील. १९५३ च्या तीनशेच्या तीनशे गाड्या पांढऱ्या होत्या. तांबडी आणि निळी आली ती १९५४ साली. विधान दिसायला सुंदर आहे, पण खोटे आहे. मग पांढरी घेऊन पाहा. पुढच्या जाळीत तेरा दात आहेत का ते मोजा. दिव्यांवर दगडांपासून रक्षण करणारी तारेची जाळी आहे का? दाराला बाहेरून हँडल दिसले तर ते चूक, कारण पहिल्या तीन वर्षांच्या गाड्यांना बाहेरून हँडलच नव्हते. आत हात घालून दार उघडावे लागे.

१९५८ ची प्रतिकृती घ्या. त्या वर्षी पुढच्या दिव्यांच्या दोन जोड्या आल्या. पण त्या १९५९ सालीही होत्या, मग दोन वर्षे ओळखायची कशी? १९५८ च्या बॉनेटवर कपडे धुण्याच्या खाचांच्या फळीसारख्या दिखाऊ पट्ट्या आहेत, आणि डिकीच्या झाकणावरून दोन चकचकीत पट्ट्या उतरतात. ही दोन्ही आभूषणे एकच वर्ष टिकली. त्यांच्यासह ‘१९५९’ लिहिलेली गाडी किंवा त्यांच्याविना ‘१९५८’ लिहिलेली गाडी, दोन्ही नापास.

स्टिंग रे तर पारखीची शाळाच आहे. १९६३ च्या बॉनेटवर दोन खोट्या जाळ्या बसवलेल्या आहेत. १९६४ साली जाळ्या गेल्या, पण त्यांच्या खोबणी तशाच राहिल्या. पुढच्या चाकामागे हवेचे तोंड आहे. ते १९६३ व १९६४ साली दोन आडव्या रेघांसारखे, १९६५ व १९६६ साली तीन उभ्या चिरांचे आणि १९६७ साली पाच चिरांचे. १९६५ पूर्वीच्या गाडीच्या चाकाआड डिस्क-ब्रेकची तबकडी दिसली तर ती चूक, कारण तोवर ब्रेक ढोलाचे होते. १९६३ साली कारखान्याने सात रंग दिले: काळा, पांढरा, दोन निळे, तांबडा, बदामी आणि रुपेरी. तेव्हा त्या सालची पिवळी प्रतिकृती कितीही मनात भरली तरी ती कारखान्यातून अशी निघालेली नाही. आणि शेवटची खूण तर मजेची आहे. स्टिंग रेला डिकीचे झाकणच नव्हते. सामान आसनामागून आत टाकावे लागे. ‘डिकीसुद्धा उघडते’ अशी जाहिरात असलेली स्टिंग रे कोणी दाखवली, तर कारागिराने मूळ गाडी पाहिलेलीच नाही, असे खुशाल समजावे.

एखादा श्रोता म्हणेल, बॉनेटवर जाळी असली काय आणि नसली काय, जगाचे काय अडले? प्रश्न रास्त आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या, तेव्हाही असेच विचारणारे भेटले असतील. एका अडकित्त्याने जगाचे काही अडत नाही. पण शंभर अडकित्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे लोहार काय करू शकत होता, गिऱ्हाइकाला काय आवडत होते आणि बदल का होत गेला, हे दिसू लागते. १९५३ पासून १९६७ पर्यंतच्या पंधरा कॉर्व्हेट एका ओळीत मांडल्या की तेच घडते. युद्धोत्तर समृद्धीचा उत्साह, क्रोमच्या झगमगाटाचा अतिरेक, मग त्याचा उबग आणि पुन्हा रेषेच्या साधेपणाकडे वळणे, हे सारे एका फळीवर वाचता येते. खऱ्या पंधरा गाड्या एका ठिकाणी उभ्या करायच्या तर राजाचे ऐश्वर्य हवे. १:४३ मापात त्या दीड-दोन हात फळीवर मावतात. मात्र त्या ओळीतले एक विधान खोटे असेल, तर सगळे वाचन चुकते. प्रतिकृतीकार पुष्कळदा दुसऱ्या प्रतिकृतीवरून काम करतात, आणि मग एकाची चूक दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे अशी पोथीतल्या पाठभेदासारखी उतरत जाते. ती पकडणारा संग्राहक म्हणजे एक प्रकारचा पाठचिकित्सकच होय.

बाजाराचे बोलायचे तर तेथे सावध असावे. ‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द डब्यावर छापायला फारसा खर्च येत नाही. गंमत अशी की, मूळ गाड्या झाल्या ३००, आणि तिच्या ‘मर्यादित’ प्रतिकृती हजारांनी असतात. डन्टॉव्ह यांनी शर्यतीसाठी ‘ग्रँड स्पोर्ट’ नावाची हलकी कॉर्व्हेट केली. वरिष्ठांनी काम थांबवल्यामुळे ती पाचावरच राहिली. या पाचांच्या प्रतिकृती मात्र जगभर कपाटांत आहेत. काही जण डबा न उघडताच वर्षानुवर्षे ठेवतात, कारण उघडला की किंमत उतरते. त्यांना सुखाने झोप लागो. पण न पाहिलेल्या प्रतिकृतीतून कोणी काही शिकल्याचे ऐकिवात नाही. अलीकडे मजुरी वाढल्यामुळे धातूऐवजी राळेत ओतलेल्या प्रतिकृती पुष्कळ निघतात. त्यांना पोलादी साचा लागत नाही, मऊ साच्यातून काही शे नग काढले की काम झाले. त्यांची दारे बहुधा उघडत नाहीत. पण कडा फार नाजूक उतरतात. थोड्या नगांना पोलादी साचे परवडत नाहीत, हे १९५३ सालचेच गणित पुन्हा मांडले गेले आणि प्रतिकृतीही अखेर राळेची झाली.

धातू भक्कम असे मघाशी म्हटले, पण त्यालाही रोग आहे. जस्तात शिशाचा थोडासा अंश जरी मिसळला, तरी दमट हवेत धातूच्या कणाकणांमधून क्षय सुरू होतो. प्रथम रंगाखाली फोड येतात, मग अंग फुगते, चिरते, आणि एके दिवशी गाडीचा चुरा हाती येतो. याला संग्राहक ‘जस्ताची कीड’ म्हणतात. १९३० नंतरच्या दशकातल्या कित्येक गाड्या अशा गेल्या. शुद्ध धातू वापरण्याच्या काटेकोर पद्धतीमुळे हा धोका पुढे कमी झाला, पण संपला नाही. यावर औषध नाही. पथ्य तेवढे आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वरचेवर बदलावी. मूळ डब्यातल्या स्पंजात गाडी वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवू नये. स्पंज ओल धरतो आणि रंगाला चिकटतो. उन्हाची तिरीप टाळावी, नाहीतर तांबडा रंग फिका पडतो. मऊ टायर प्लॅस्टिकच्या तळावर वर्षानुवर्षे टेकून राहिले तर तळ विरघळल्यासारखा होऊन त्यांना धरून बसतो. म्हणून गाडी किंचित उचलून ठेवावी. धूळ फडक्याने पुसू नये, मऊ कुंचल्याने झाडावी. फडक्यात आरसे आणि एरिअल अडकून मोडतात.

मूळ गाड्यांचीही अमरतेची हमी नाही. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन या गावी, जेथे १९८१ पासून कॉर्व्हेटचा कारखाना आहे, तेथेच कॉर्व्हेटचे संग्रहालय आहे. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे तेथील जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्यांतल्या तीन पुन्हा दुरुस्त करण्यात आल्या. उरलेल्या पाच संग्रहालयाने चेपलेल्या अवस्थेतच ठेवल्या. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. जे घडले ते लपवून नवा रंग देण्यापेक्षा, जे घडले ते जसेच्या तसे दाखवणे हेही संग्राहकाचेच काम आहे.

म्हणून शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो. ज्याला हा छंद करायचा असेल त्याने पहिल्या गाडीबरोबर एक वही विकत घ्यावी. प्रत्येक प्रतिकृतीपुढे साल, प्रमाण, करणाऱ्याचे नाव, काय बरोबर आहे आणि काय चूक आहे, हे लिहावे. वहीशिवायचा संग्रह धन्याबरोबर संपतो. मागे उरतात त्या नुसत्या गाड्या, आणि वारसदार त्या वजनावर विकतात. वही असली तर कोणी परका माणूसही त्या फळीवर लिहिलेला इतिहास वाचू शकतो.

आणि सालवार मांडणी करताना १९८३ पाशी थांबावे. त्या सालची कॉर्व्हेट विक्रीला आलीच नाही. नवी रचना वेळेवर सिद्ध झाली नाही. चाचणीपुरत्या ४३ गाड्या झाल्या आणि त्यांतली एकच वाचली, ती बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयात आहे. रस्त्यावर लोकांनी पाहिलेल्या गाड्यांची ओळ ज्याला मांडायची आहे, त्याला १९८२ आणि १९८४ यांच्यामध्ये ठेवायला गाडी नाही. अंतर वाईट दिसते म्हणून काही जण गाड्या जवळ सरकवून घेतात. जाणता संग्राहक तेवढी जागा मोकळी ठेवतो आणि तेथे साल लिहिलेली चिठ्ठी लावतो. माझ्या मते त्याच्या फळीवरचे सर्वांत खरे विधान तेच असते.